वाचनाची खतावणी

नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या माणसापाशी वेळ मोजकाच असतो. त्यामुळे, ‘जे अभ्यासक्रमात नाही ते कशासाठी वाचायचे?’ हा तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो. एका आडत दुकानात हिशेब लिहीत मी बी. ए. पूर्ण केले, तेव्हा हा प्रश्न माझाही होता. उत्तर वाचनानेच दिले : एका विषयाचे पुस्तक पुष्कळदा दुसऱ्याच विषयाचे दार उघडते.

दुकानात ‘लिलाव’, ‘जमा’, ‘खर्च’, ‘नफा’ हे शब्द दिवसभर कानांवर पडत. भाषेच्या इतिहासाचे वाचन सुरू झाले, तेव्हा कळले की ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला आणि उरलेले तिन्ही अरबी-फारसीच्या वाटेने. मराठी माणसाने कोणाशी व्यापार केला, कोणाच्या अमलाखाली दप्तर लिहिले, हे ते शब्दच सांगू लागले. व्युत्पत्ती हा विषय मग पाठांतरापुरता उरला नाही.

याच्या उलटही घडले. थकबाकीच्या याद्या मी स्वतः लिहीत असे. यादीतील एका ओळीमागे एका घराचे अख्खे वर्ष उभे असते, हे मला ठाऊक होते. तुकोबांचे घराणे व्यापार-सावकारीचे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यवहार मोडला. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ती वाचताना मला भाविकतेआधी त्या कागदांची किंमत जाणवली, आणि म्हणूनच त्या त्यागाचे वजनही कळले. येथे खातेवहीने गाथेचा अर्थ उलगडला.

विनोदाला पुष्कळ जण विरंगुळ्याचे वाचन मानतात. परंतु चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे जनक चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे व्यासंगी अध्यापक होते. मध्यमवर्गीय संसारातील फजिती त्यांनी ज्या नेमक्या शब्दांत पकडली, त्यामागे भाषेची सूक्ष्म जाण आहे. विनोद वाचताना आपण हसतो तसे शब्द तोलायलाही शिकतो.

आपल्या वाङ्मयव्यवहारातही असे शेजार आढळतात. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. नांगर बनविणाऱ्या उद्योगाचे हे पत्र पुढे कथा, विनोद, व्यंगचित्रे आणि सामाजिक विचार यांचे मोठे मासिक झाले. उद्योग आणि साहित्य यांची दालने वेगळी ठेवण्याची गरज त्या संपादकाला भासली नाही.

तेव्हा आठवड्यातून अभ्यासक्रमाबाहेरची दहा पाने तरी वाचा : कधी उद्योजकाचे चरित्र, कधी शब्दकोशाचे एखादे पान, कधी विनोदी कथा. मात्र एवढ्यावर थांबू नका. हिशेबाच्या रीतीत रोजकीर्दीत नोंदी येतील त्या क्रमाने पडतात; त्या खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती नेल्यावरच देणेघेणे कळते. वाचनाचेही तसेच आहे. एक वही करा आणि या पानाने त्या पुस्तकातील कोणती गोष्ट आठवली, तेवढे तिच्यात टिपा. वर्षअखेरीस ती चाळली, तर आपल्या खाती काय जमा झाले ते तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.