गोळी जेवणाआधी, पण जेवण?

'फराळ आणि मधुमेह' यावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला. प्रस्तुत लेखक मधुमेहतज्ज्ञ. हा लेख तो झोपेतही लिहू शकेल. यंदा मात्र एक केस डोक्यातून जात नाही.

पोळ्यांची कामं करणाऱ्या पन्नाशीच्या बाई. मुलानं रिक्षातून आणलं तेव्हा शुद्ध हरपलेली, ग्लुकोमीटरवर साखर ३८. पिशवीत ग्लिमेपिराइडची पट्टी आणि दुसऱ्या एका दवाखान्याची चिठ्ठी: एचबीए१सी (सरासरी साखर) ९.६, डोस दुप्पट, खाली शेरा, 'पथ्य पाळत नाहीत'. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर बाई बोलल्या, "गोळी चुकवली नाही हो डॉक्टर. महिनाअखेर होती, होतं ते मुलाच्या डब्यात भरलं."

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात काही पडलंय की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मेटफॉर्मिन या दुसऱ्या गोळीचं तसं नाही. महिनाअखेरीचा हा फटका या एकट्या बाईंना बसलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या २००० ते २००८ या काळातल्या नोंदींत, साखर उतरल्यानं दाखल होणाऱ्या गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त निघालं.

पण हे पेशंटला विचारायचं कसं? अन्नाची ददात ओळखायला अमेरिकेत २०१० साली दोन प्रश्न पुढे आले. गेल्या वर्षभरात, हाती पैसे येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली? ते खरंच संपलं आणि आणायला पैसे नव्हते, असं झालं? उत्तरं तीन: अनेकदा, कधीकधी, कधीच नाही. पुढे वेळ वाचवायला काहींनी त्याचं 'हो की नाही' करून टाकलं. वरवर किरकोळ बदल. पण २०१७च्या एका अभ्यासात या छाटलेल्या फॉर्मातून जवळपास एक चतुर्थांश गरजू निसटले. कंपाउंडर आणि चार पेशंट ऐकत असताना 'हो, घरात दाणा नसतो' असं कोण म्हणेल? 'कधीकधी' तेवढं तोंडातून निघतं. या एका पर्यायासाठी लेखक परिषदांमध्ये भांडत आलाय. सहकारी आता कंटाळलेत.

मधुमेह म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार, हा समजही जाता जात नाही. जाड माणूस उपाशी कसा, असं डॉक्टरसुद्धा विचारतात. चहा-बिस्किटावर दिवस निघतो, वजनही वाढतं. भाजी-डाळ परवडत नाही, एवढंच.

'विचारून आपण देणार काय?' हा सहकाऱ्यांचा प्रश्न खोटा नाही. औषध बदलता येतं. रेशनकार्डात नाव आहे का, ते पाहता येतं: प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. पण ते मुख्यतः गहू-तांदूळ. मधुमेह्याच्या ताटातली डाळ आणि भाजी त्यातून येत नाही. त्याचं उत्तर या लेखकाकडे नाही.

साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण चुकेल त्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. जेवण का चुकतं, असं त्यांनी विचारलं तर उपवासाचं नाव पुढे करू नका.