बोट फुकट, ट्रेलरचे पैसे

मिशिगनमध्ये बर्फ वितळला की जुन्या बोटींच्या जाहिराती उगवतात. त्यात हमखास एक असते: ट्रेलरचे पैसे द्या, बोट तशीच न्या. यात चेष्टा काही नाही. फायबरग्लास कुजत नाही, वितळवून विकता येत नाही, आणि करवतीने कापून कचऱ्यात टाकायचं तर वर पैसे मोजावे लागतात. ट्रेलर लोखंडाचा, त्याला निदान भंगारवाला तरी विचारतो. माझी 22 फुटी बोट 1984 सालची. अशीच आली, सामानासकट. त्या सामानाची ही यादी.

ट्रेलर आधी, कारण बोट पाण्यापेक्षा रस्त्यावर जास्त छळते. डेट्रॉइटहून आय-75 ने उत्तरेला, ह्युरन सरोवराच्या सॅगिनॉ उपसागराकडे जाताना कुठेही थांबलं, की कॉफीच्या आधी दोन्ही चाकांच्या हबला हात लावून बघायचा. कोमट लागला तर ठीक. हात टेकवेना, तर बेअरिंगचं काही खरं नाही. तापलेलं चाक तसंच गार पाण्यात उतरवलं, की हबमधली हवा आकसते आणि म्हाताऱ्या सीलमधून पाणी आत खेचते. ग्रीस दह्यासारखं पांढरं होतं आणि हिवाळाभर आत गंज धरतो. मागच्या दिव्यांचंही तेच. तारेचे बल्ब तापलेले असताना पाण्यात गेले की तडकतात. म्हणून धक्क्याच्या उतारावर गाडी थांबवायची, खाली उतरायचं, दिव्यांचा प्लग उपसायचा, मगच रिव्हर्स. एलईडीवाल्यांना हे माहीतच नाही. ते मागे रांगेत हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

टायरची नक्षी पाहून फसू नये. बोटीचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या कडेला चिरा पडून मरतो. बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. तीनच असतील तर टायर 2000 च्या आधीचा, मग पुढचं काही बघायची गरज नाही.

इंजिन जॉन्सन, टू-स्ट्रोक. 6 गॅलन पेट्रोलला 1 पाइंट तेल, म्हणजे पन्नासास एक. सुरू झालं की निळा धूर, आणि धक्क्यावरचे म्हातारे वळून हसतात. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही नावं एकाच कंपनीची. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या गृहस्थाने 1909 मध्ये विस्कॉन्सिनात बोटीच्या पाठीला अडकवायची मोटर विकायला काढली, तिथपासूनचं घराणं. ती कंपनी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली. एव्हिनरूडचं नाव नव्या मालकांनी 2020 पर्यंत ओढलं, मग तेही बंद झालं. सुटे भाग मात्र अजून मिळतात, इतकी ही इंजिनं खपली. दुर्मीळ झालाय तो नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटर जुळवणारा माणूस. आणि पेट्रोलही तेव्हाचं राहिलं नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या आतून सोलतं.

खोली मोजायचा फ्लॅशर. गोल तबकडी, आत फिरणारा दिवा. तळ जिथे असेल त्या आकड्याशी लाल ठिणगी चमकते. चित्र नाही, रंग नाही. बिघडतही नाही.

केशरी लाइफ जॅकेटं, आधीच्या मालकाची. आत प्लास्टिकच्या पिशव्यांत कापोक, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस. पिशवीला भोक पडलं की कापूस भिजतो आणि जॅकेट निकामी होतं. ती घालून पाण्यात जायचं नाही हे नक्की. टाकवत नाहीत, हा भाग वेगळा.

कागदी नकाशा, घड्यांवर फाटलेला. अमेरिकी सरकारच्या ‘नोआ’ने पारंपरिक कागदी सागरी नकाशे थांबवायचं 2019 मध्ये जाहीर केलं आणि 2025 उजाडेपर्यंत ते संपवले. माझ्या नकाशावर निळ्या पाण्यावरून बाकदार रेघांचं जाळं गेलंय. ते पुढच्या यंत्रासाठी.

लोरान-सी, म्हणजे जीपीएसच्या आधीचं, रेडिओवरून ठिकाण सांगणारं यंत्र. या यादीतली सगळ्यात धडधाकट वस्तू. बटण दाबलं की लगेच आकडे उजळतात आणि यंत्र शोधायला लागतं. शोधतं ते इंडियानातल्या डेना गावचं मुख्य केंद्र आणि त्याच्या जोडीची मिनेसोटा, न्यूयॉर्ककडची केंद्रं. 100 किलोहर्ट्झवर त्यांची स्पंदनं यायची. दोन केंद्रांच्या स्पंदनांत किती मायक्रोसेकंदांचं अंतर पडलं, ते हा डबा मोजायचा. असे दोन आकडे मिळाले की नकाशावरच्या दोन बाकदार रेघा जिथे छेदतील, तिथे तुम्ही. अक्षांश-रेखांशात पाव मैलाची चूक व्हायची, पण एकदा टिपलेल्या आकड्यांवर परत यायचं तर 60 ते 300 फुटांत आणून सोडायचा. मासे धरणाऱ्याला आणखी काय हवं? 8 फेब्रुवारी 2010 ला अमेरिकेने प्रक्षेपण थांबवलं. डब्यात एक तारही तुटलेली नाही. पलीकडे कोणी बोलत नाही, एवढंच. काढून टाकावा, तर डॅशबोर्डला भोकं राहतात आणि तेवढ्या मापाचं नवीन काही येत नाही.

डब्याखालच्या कप्प्यात आधीच्या मालकाची वही: पाच आकडी संख्यांच्या जोड्या, पुढे एखादा शब्द. बंद व्हायच्या आधी ज्यांनी लोरान आणि जीपीएस शेजारी ठेवून दोन्हीकडचे आकडे उतरवून घेतले, त्यांच्या जागा वाचल्या. या माणसाने ते केलं नाही. संगणकावर रूपांतर होतं, पण पाव मैलाची ती चूक तिथे पुन्हा आडवी येते, आणि पाण्याखालच्या खडकाला पाव मैल फार झाला. एका जोडीपुढे ‘पर्च, सप्टेंबर’ लिहिलंय; पर्च म्हणजे मासा. तिथवर जीपीएसने जायचं, इंजिन हळू करायचं, आणि पुढे फ्लॅशरच्या ठिणगीकडे बघत फेऱ्या मारायच्या. त्याआधी उजव्या चाकाचं सील बदलायला हवं.