एका गुणाचा हिशेब

दरवर्षी ह्या अंकाच्या शेवटच्या पानांवर खेळांचे निकाल छापले जातात. कोण जिंकले, कोण हरले, गुण किती, एवढे सांगून ओळ संपते. ते निकाल तपासून छापखान्याकडे धाडण्याचे काम गेली कित्येक वर्षे आम्हांकडे आहे. काम रुक्ष, म्हणून आजवर त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे कधी वाटले नाही. ह्या खेपेस मात्र एका ओळीने आमची झोप उडविली. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

सन २०२३ च्या उन्हाळी सुटीनंतर बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांनी आम्हांजवळ एक मागणी केली. जगभर त्या वर्षी ज्या मोठ्या स्पर्धा होतील, त्यांचे निकाल जिन्याजवळच्या जुन्या फळ्यावर लिहावयास परवानगी मिळावी. परवानगी दिली. अक्षर चांगले म्हणून सातवीतल्या एका मुलाची नेमणूक झाली. मुलगा अबोल. वडील गोवंडीस शिवणकाम करणारे. खेळात त्यास अद्याप कोणी घेत नसे. परंतु प्रत्येक सामन्यास तो आपली वही घेऊन येई आणि एकेक गुण मांडीत बसे.

फळ्यावरचा पहिला निकाल मागे जाऊन लिहिला गेला, तो २१ मे रोजी लिथुएनियातील कौनास येथे झालेल्या युरोलीगच्या अंतिम सामन्याचा: रेआल माद्रिद ७९, ऑलिंपियाकोस ७८. अखेरची तीनच सेकंदे उरली असता सेर्खिओ युल ह्या अनुभवी खेळाडूने चेंडू टाकला आणि एका गुणाने वर्षाचे श्रम सार्थकी लागले. जून महिन्यात अमेरिकेतील एन.बी.ए.चे अजिंक्यपद डेन्व्हरच्या संघास मिळाले, तेही त्याच्या इतिहासात प्रथमच. त्याच महिन्याच्या शेवटी बेल्जियमच्या महिलांनी स्पेनला ६४-५८ असे हरवून युरोपचे पहिले सुवर्णपदक मिळविले. जुलैमध्ये सिडनी येथे चीनच्या महिलांनी जपानवर ७३-७१ अशी मात केली. जपानने ती आशियाई स्पर्धा लागोपाठ पाच वेळा जिंकली होती; दोन गुणांनी ती परंपरा खंडित झाली. ऑगस्टमध्ये किगाली येथे नायजेरियाच्या महिलांनी सेनेगलला ८४-७४ असे नमवून आफ्रिकेचे अजिंक्यपद लागोपाठ चौथ्यांदा राखले.

पुढे सप्टेंबरात मनिला येथे जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जर्मनी ८३, सर्बिया ७७. जर्मनीने एकही सामना न गमावता प्रथमच जगज्जेतेपद मिळविले. उपांत्य सामन्यात तर बलाढ्य अमेरिकेस ११३-१११ असे हरविले. ऑक्टोबरात हांगझौच्या आशियाई खेळांत फिलिपाइन्सने जॉर्डनला ७०-६० असे हरवून १९६२ नंतर प्रथमच सुवर्णपदक घेतले. उपांत्य सामन्यात तो संघ यजमान चीनच्या वीस गुण मागे पडला होता; शेवटी ७७-७६, म्हणजे पुन्हा एकाच गुणाने तरला.

हे निकाल वाचताना मुलांस आम्ही एक गोष्ट वारंवार सांगत असू. ओळ लहान असते, तिच्यामागचे माणूस मोठे असते. सर्बियाच्या नावापुढे ७७ हा आकडा दिसतो; पण त्याच स्पर्धेत बोरिशा सिमानिच ह्या त्यांच्या खेळाडूस प्रतिस्पर्ध्याचे कोपर लागले आणि शस्त्रक्रिया करून त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले, हे त्या आकड्यात कोठे दिसते? दक्षिण सुदानचे नाव विजेत्यांत नाहीच. २०११ साली स्वतंत्र झालेला तो देश जागतिक स्पर्धेत पहिल्यानेच उतरला, चीनला ८९-६९ असे हरविता झाला, आणि आफ्रिकेतून पॅरिसच्या ऑलिंपिकची वाट त्याने मोकळी करून घेतली. विजेत्यांची यादी वाचणाऱ्यास ही वार्ता कळावयाची नाही.

ह्या खेळाशी आपल्या देवनारचे एक दूरचे नाते आहे, तेही मुलांस सांगितले. देवनार म्हटले की परका माणूस कचऱ्याच्या डोंगराचे किंवा पशुवधगृहाचे नाव घेतो. परंतु येथेच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ही नामांकित संस्था आहे. १९३६ साली ती निराळ्या नावाने नागपाड्यात सुरू झाली आणि १९५४ साली देवनारास आली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ साली भारतात आले; नागपाडा नेबरहूड हाऊस हे सेवाकेंद्र त्यांच्याच देखरेखीखाली वाढले व त्याच वास्तूत ही संस्था जन्मली. त्याच नागपाड्याच्या दाट वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की, तेथील अब्बास मुन्तासिर भारताचे कप्तान झाले व १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांस लाभला. मुलींनी विचारले, ‘सर, आमच्यापैकी कोणी?’ तेव्हा पुण्याच्या शिरीन लिमये ह्यांचे नाव सांगितले. त्यांनीही भारतीय महिला संघाचे कर्णधारपद भूषविलेले आहे.

खेळाचा जन्मही शाळेतलाच. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ नावाच्या तरुण शिक्षकाने हिवाळ्यात घरात कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी तो रचिला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या. ती उंची दहा फूट भरली, आणि आजही रिंग दहा फुटांवरच असते. पहिल्या सामन्याचा निकाल काय लागला असेल? १-०! नेस्मिथच्या तेरा नियमांपैकी अकराव्यात पंचाची कामे दिली आहेत. चेंडू कोणाचा हे ठरविणे, वेळ राखणे, आणि झालेल्या गुणांचा हिशेब ठेवणे. म्हणजे गुण लिहिणे हे कारकुनी काम नव्हे. तो न्यायदानाचाच भाग होय. हे वाक्य आम्ही वर्गात मोठ्या ऐटीने उच्चारले होते. त्याची परीक्षा लवकरच व्हावयाची होती.

डिसेंबरात, नाताळच्या सुटीपूर्वी, उपनगरांतील काही शाळांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आपल्या मैदानावर ठरला. आपला संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला होता. मुले आनंदाने वेडी झाली होती. पालकही कामावरून रजा काढून आले होते. यजमान शाळेचा शिक्षक म्हणून गुणलेखनास आम्ही बसलो. शेजारी तो सातवीतला मुलगा आपली वही घेऊन बसला. पाहुण्या शाळेच्या शिक्षकांनी आमचा कागद एकदाही मागितला नाही. आमच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

सामना संपला तेव्हा कागदावर ४१-४० असा निकाल होता. आपली शाळा विजयी! ढोल वाजू लागले, मुलांनी कप्तानास खांद्यावर घेतले. इतक्यात त्या मुलाने आमच्या बाहीस हात लावला व वही पुढे सरकविली. तीत ४०-४० होते. दुसऱ्या सत्रातील एका ओळीवर त्याचे बोट होते. आपल्या खेळाडूस दोन फ्री थ्रो मिळाले होते. पहिला आत गेला, दुसरा रिंगवर आपटून बाहेर आला. त्याच क्षणी कोणी तरी पाहुण्यांच्या चहाविषयी आम्हांस विचारले होते, आणि आम्ही मान वर न करिता दोन्ही ठिपके भरून टाकिले होते. फलक फिरविणाऱ्यानेही आमचेच ऐकले.

मुख्य पंचाने सही करण्यापूर्वी गुणलेखनातील चूक दुरुस्त करिता येते, हा नियम आम्हांस पाठ आहे. पंच टेबलाकडे येत होते. चार पावलांचा अवकाश होता. आम्हांस तो चुकलेला चेंडू स्पष्ट आठवला. शंका मुळीच नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे. आम्ही ढोलाकडे पाहिले, मुलांच्या तोंडांकडे पाहिले, आणि त्या बालकास हळूच म्हणालो, ‘बाळ, हे मागाहून पाहू.’ त्याने वही मिटली. पंचांनी सही केली.

त्या रात्री घरी कोणाशी धड बोलवेना. मनास आम्ही नाना प्रकारे समजाविले. चूक जाणूनबुजून केलेली नाही. जादा पाच मिनिटांत आपणच जिंकलो असतो. गरीब वस्तीतील मुलांस एकदा तरी चषक मिळावा. प्रत्येक सबब ऐकावयास गोड होती. वीस वर्षे ज्या तोंडाने निबंधात ‘सत्य’ हा विषय घातला, त्याच तोंडाने आम्ही एका मुलास वही मिटावयास लाविले होते, एवढे मात्र कोणत्याही सबबीखाली झाकेना.

सकाळी जिन्याजवळ तो फळ्यासमोर खडू घेऊन उभा होता. वरती कौनासपासून हांगझौपर्यंतचे निकाल, आणि खाली एक ओळ कोरी. त्याने तक्रार केली नाही, आमच्याकडे रोखून पाहिलेही नाही. एवढेच विचारले, ‘सर, आपला निकाल काय लिहू?’

आम्ही त्याच्या हातातून खडू घेतला, फळ्याच्या कडेवर ठेविला आणि त्यास घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. सर्व सांगितले, ‘मागाहून पाहू’ हे शब्दही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी संघास बोलाविले व आम्हांसच मुलांपुढे उभे केले. ती पाच मिनिटे आमच्या आयुष्यातील अत्यंत कठीण होत. कप्तान रडला. एकाने विचारले, ‘सर, चूक तुमची, मग चषक आमचा का जावा?’ त्यास देण्याजोगे उत्तर आम्हांजवळ नव्हते, आजही नाही. शिक्षकाच्या चुकीचा दंड विद्यार्थ्यांस भरावा लागतो, हे शिक्षकाच्या पेशातील सर्वांत मोठे भय होय.

आयोजकांस पत्र गेले. सही झालेला निकाल नियमानुसार बदलता येत नाही, असे उत्तर आले. तेव्हा आपल्या कप्तानानेच, डोळे पुसून, एक तोड सुचविली. ती समोरच्या शाळेने मान्य केली. एका शनिवारी सकाळी दोन्ही संघ पुन्हा आपल्या मैदानावर आले आणि ४०-४० पासून पाच मिनिटे खेळले. ढोल नव्हते, पाहुणे नव्हते. गुण त्या सातवीतल्या मुलाने लिहिले. आपली शाळा ४३-४६ अशी हरली. कप्तानाने चषक आपल्या हाताने समोरच्या कप्तानास दिला.

काही पालक आम्हांवर रुष्ट झाले. त्यांचा राग अकारण होता असे आम्ही म्हणणार नाही. कप्तान दोन महिने आम्हांशी कामापुरतेच बोलत असे. मार्चमध्ये शाळा सोडताना मात्र तो येऊन नमस्कार करून गेला.

पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या महिलांच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने शेवटच्या क्षणी दुरून चेंडू आत टाकिला. तीन गुण मिळते तर बरोबरी होती. परंतु पाऊल रेषेवर होते, म्हणून दोनच मिळाले. अमेरिका ६७, फ्रान्स ६६. स्वतःच्या राजधानीत, स्वतःच्या हजारो लोकांसमोर, फ्रान्स एका गुणाने हरला. ही बातमी वाचताना आमच्या मनात विजेत्यांआधी टेबलामागची माणसे आली. समोर तेवढा जनसमुदाय असता त्यांनी दोन हाच आकडा लिहिला.

विद्यार्थ्यांनो, आयोजकांच्या दप्तरी त्या वर्षीचा निकाल ४१-४० असाच आहे, आणि तसाच राहील. जिन्याजवळच्या फळ्यावर मात्र वर्ष संपेपर्यंत दुसरा निकाल होता. तुम्हांपैकी कित्येकांनी तो वाचला, आणि त्याखाली यादी का संपते असेही विचारले. त्याचे उत्तर आज दिले. आता आपल्या मैदानावर सामना असला की टेबलावर दोन वह्या असतात, एक आमची आणि एक त्या मुलाची. तो आता वरच्या वर्गात आहे आणि संघातही निवडला गेला आहे, म्हणून ज्या दिवशी तो खेळतो त्या दिवशी दुसरी वही त्याने शिकविलेली एक धाकटी मुलगी ठेविते. दोन्ही वह्या जुळल्याखेरीज पंचांच्या हाती लेखणी देण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.