ऐरण कुठे असते

'काडतूस' हा शब्द मराठीने पोर्तुगिजांकडून घेतला, आणि तो असा पचवला की काडतुसाला, काडतुसांतून अशी रूपे चालवताना त्याचे परकेपण कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुंगळी त्यांची, विभक्ती आपली. या उसनवारीचा विचार आम्ही वर्गात अनेकदा केला. पण तिचे खरे यंत्रशास्त्र कळले ते फर्दापूरला.

अजिंठ्याची लेणी दाखवायला विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की आमचा मुक्काम फर्दापूरला असतो. तिथले आमचे एक वृद्ध स्नेही जन्मभर लेथवर काम केलेले. त्यांच्या घरी आजोबांच्या रायफलीची एक रिकामी पितळी पुंगळी आहे. रायफल केव्हाच गेली. त्यांच्या पुतण्याने आमच्यासमोरच विचारले, "काका, ही पुन्हा भरता येईल का हो?" उत्तराला तासभर लागला.

पुंगळीच्या बुडाशी प्रायमर नावाची इवलीशी टोपी असते. बंदुकीची पिन तिच्यावर आदळते, टोपीतला स्फोटक थर मागच्या एका टणक टोकावर चिरडला जातो आणि ज्वाला आत शिरते. हे टोक म्हणजे ऐरण. सारा प्रश्न ती ऐरण कुठे आहे याचा. हायरम बर्डन या अमेरिकनाच्या रचनेत ती पुंगळीच्याच पितळेत घडवलेली असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक छिद्रे असतात. वुलिचच्या एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाने ती टोपीतच बसवली. पुंगळीला उरले मधोमध एकच छिद्र. त्यामुळे बॉक्सरच्या पुंगळीत तोंडातून सळई घातली की वापरलेली टोपी सरळ खाली पडते. बर्डनच्या पुंगळीत सळई ऐरणीवरच अडते. गंमत अशी की अमेरिकनाची रचना युरोपातल्या फौजांनी उचलली आणि इंग्रजाची अमेरिकेत घरोघरी रुळली.

तिकडे काडतुसे घरी भरणाऱ्या हौशी मंडळींना बॉक्सरची टोपी सहज मिळते, बर्डनची मिळत नाही. म्हणून काहीजण बर्डनच्या पुंगळीतली ऐरण कापून काढतात, मधे छिद्र पाडतात आणि ती बॉक्सरच्या टोपीजोगी करतात. मात्र मूळची दोन छिद्रे राहतातच. ज्वाला तीन वाटांनी धावते, बुडाचे पितळ पातळ होते, आणि दाबाचा हिशेब कुणाच्या हाती राहत नाही. जुन्या टोप्यांत पारा असला तर पितळ आतून ठिसूळ झालेले असते. वरून ते चकाकतच असते.

"तिची ऐरण कापायची आन् दुसरी बाहेरून आणायची," आमचे स्नेही म्हणाले, "मग तिच्यात तिचं काय राह्यलं, सर?"

आम्हांला हे वाक्य टोचले. जी पुंगळी सहज पुन्हा वापरता येते, तिच्यात स्वतःचे असे विरोध करणारे काही नसते. ती केवळ भांडे असते. बाहेरून आणलेल्या समीक्षेच्या संज्ञा मराठी कवितेला बसवताना आपण कवितेतले नेमके असेच अडणारे टोक कापतो की काय, अशी शंका आम्हांला पुष्कळ वर्षे आहे. ओळी तशाच राहतात, ठिणगी मात्र संज्ञेच्या ऐरणीवर पडते.

बर्डनच्या पेटंटचे आणि बॉक्सरच्या पेटंटचेही साल १८६६. त्याच सालच्या डिसेंबरात सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि रॉबर्ट गिलने १८४४ पासून अजिंठ्यात राहून केलेल्या चित्रप्रतींपैकी बहुतेक जळाल्या. गिलही शिकारी होता. १८७९ मध्ये तो गेला, थडगे भुसावळला आहे. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रती करवून घेतल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. पण पुन्हा आरंभ करता आला, कारण भिंत जागेवर होती. प्रतीची ऐरण प्रतीत नव्हती.

आता शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या लेखी काडतुसाचे सुटे भागही दारूगोळाच. तेव्हा पुतण्याचा प्रश्न आमच्या प्रश्नांइतकाच पुस्तकी होता. तरी काकांनी त्याला एक गोष्ट सांगितलीच: ऐरणीला धक्का न लावताही जुनी टोपी काढता येते. पुंगळीत पाणी भरायचे, तोंडात घट्ट बसणारा दांडा घालून वरून ठोका द्यायचा. पाणी दोन्ही छिद्रांतून वाट काढते आणि टोपीला बाहेर ढकलते. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

पुतण्याला ते पटले नाही. "पण काका, मग त्या मापाची टोपी मिळते कुठं?" हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि काकांपाशी त्याला उत्तर नव्हते.