एका वाफ्यातील अनेक बियाणी

पेरणाऱ्याचा दाखला आम्ही वेदीवरून अनेकदा समजावून सांगितला आहे. त्यात बी एकच, जमिनी मात्र निरनिराळ्या. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न उलटा मांडला : जमीन एकच, बियाणी निरनिराळ्या ठिकाणची. डोंगरावरचे रोप खुजे का? थंडीमुळे, की त्याचा वाणच खुजा? दोन्हीकडची रोपे शेजारी लावल्यावाचून हे कळत नाही. स्वीडनच्या गोते तुरेसन यांनी अशाच लागवडीतून १९२२ मध्ये दाखवून दिले की, एकाच जातीत स्थळपरत्वे घडलेले आनुवंशिक प्रकार असतात. पुढे कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक व हीसी यांनी एकाच रोपाचे तुकडे करून ते समुद्रसपाटीजवळ, डोंगरउतारावर आणि सुमारे ३,००० मीटर उंचीवर लावले. सखल भागातील रोपे शिखराजवळच्या हिवाळ्यात सहसा तगली नाहीत. हवामान बदलल्यास कोणता वाण टिकेल, याचा अंदाज अशा बागांवरून बांधता येतो.

यवतमाळच्या कास्तकाराला हे परके वाटू नये. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटची 'बनी' धाग्यासाठी एकेकाळी नावाजलेली होती. अधिक उतारा देणाऱ्या 'जरी'ने तिला मागे सारले. देशी पराटीची मुळे खोल जातात, ती पावसाचा खंड सोसते, रसशोषक किडींनाही सहजी बळी पडत नाही. परंतु धागा आखूड, म्हणून गिरण्यांना नको. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आज बहुतेक शिवार अमेरिकन जातीच्या संकरित बियाण्याचे आहे. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. अखिल भारतीय समन्वित कापूस सुधार प्रकल्पात १९६७ पासून एकच वाण अनेक केंद्रांवर पेरून पाहिला जातो, हे स्तुत्यच. तथापि केंद्राची जमीन वेगळी आणि आमच्या धर्मग्रामातील मुरमाड बरड वेगळी.

म्हणून आम्ही काही कुटुंबांपुढे विचार मांडला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा 'एकेए ७' हा देशी वाण आणि नेहमीचे संकरित बियाणे एकाच दिवशी, एकाच वावरात, एक आड एक तासाने पेरावे, खतपाणी सारखे. एका कास्तकार भगिनीने विचारले, "फादर, देशी पिकला तरी घेणार कोण?" प्रश्न रास्त होता. दवाखान्याच्या कापसाला आखूड धागा चालतो, पण खरेदीदार जवळ हवा ना! कर्जाचा हिशेब मांडून तिने अखेर चारच तासे देऊ केली, तीही बांधालगतची, जिथली ओल सर्वांआधी आटते. आम्हांला नेमकी तीच जागा हवी होती.