दांडे

दादा गेल्यावर त्यांची हत्यारं मी भंगारात विकली. वाकस, दोन पटाश्या, गिरमिट, रंध्याची पाती, सगळं वजनावर. भंगारवाल्याला लाकूड नको होतं. त्याने अंगणातच दांडे ठोकून काढले आणि लोखंड तेवढं पोत्यात भरलं. मी शेजारी उभा होतो आणि मला बरं वाटत होतं. आज लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

आम्ही नगर जिल्ह्यातले गावसुतार. बलुतेदारांत सुताराची जागा थोरल्या ओळीत, असं म्हणतात. लहानपणी दादांबरोबर मी खळ्यावर पेंढ्या आणायला जायचो, तिथे ते थोरलेपण कधी दिसलं नाही. वर्षभर नांगर, पाभर, कुळव दुरुस्त करून द्यायचे आणि सुगीला मालकाची मर्जी बघत उन्हात थांबायचं. कॉलेजात त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ हाती आलं, १९१५ सालचं पुस्तक. त्यांची टीका बलुतेदारालाही सोडत नाही, तरी मला ती आपली वाटली. हे सगळं गेलं पाहिजे, हत्यारांसकट, असं मनाशी धरून मी नगरला यंत्रांचं वर्कशॉप काढलं. खंडेनवमीला दादा हत्यारं मांडून पूजा करायचे, मी तीही बंद केली.

अकोले तालुक्यात, राजूरच्या बाजूला माझा मामेभाऊ भात करतो. त्याच्या खाचरांत ट्रॅक्टर उतरत नाही, बैल आणि लाकडी नांगरच लागतो. त्याने नांगर मागितला. मी बाभळीची जाड फळी घेतली, जुन्या नांगराचा आकार तिच्यावर काढला आणि बँडसॉवर तासाभरात कापून दिला. पॉलिशसुद्धा केलं. चिखलणीच्या पहिल्याच दिवशी नांगर वाकणाशी मोडला. ऐन पावसात भावाचा दिवस वाया गेला. तो मला काहीच बोलला नाही.

त्याच्या गावात एक म्हातारे सुतार आहेत. मोडलेला तुकडा त्यांनी हातात घेतला, मोडीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “रेषा कापलीस रं. सरळ लाकडातनं वाकडं काढलंस.”

मग मला त्यांनी पडवीत पडलेला एक बुंधा दाखवला, मुळातच वाकलेला. लाकडाची रेषा जिकडे वळते तिकडेच नांगराचं वाकण. पायाने बुंधा दाबून धरून ते वाकस चालवू लागले. वाकसाचं पातं दांड्याला आडवं असतं, घाव आपल्याच पायांकडे येतो. रेषा सरळ असेल तोवर लांब ढलपी निघते. ती उलटी फिरली की पातं आत शिरू पाहतं आणि हाताला ते आधी कळतं. म्हातारे तिथे थांबायचे, बुंधा फिरवून दुसऱ्या टोकाकडून घाव घालायचे. माझ्या यंत्राला हे कळत नव्हतं, आणि यंत्रावर उभा राहून मलाही कळेनासं झालं होतं. हळशीचं भोक त्यांनी पटाशीने पाडलं, किंचित तिरकं आणि थोडं सैल. पाचर वरून मारली की खालून मारली, यावर हळस उठते किंवा बसते आणि नांगर उथळ किंवा खोल जातो. हे दादा करताना मी शंभर वेळा पाहिलं होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

सगळ्याच गोष्टींबद्दल माझं मत बदललेलं नाही. दोघांनी मिळून करवतीने ओंडके चिरणं मी कुणाला सांगणार नाही. त्यात दादांचा खांदा गेला. फळ्या मी यंत्रावरच काढतो. आणि बलुतं गेलं याचा आनंद अजूनही तेवढाच आहे. पण पेंढ्यांसाठी उन्हात थांबायला दादांना वाकसाने लावलं नव्हतं. माझा राग खळ्यावरचा होता, तो मी पोत्यात भरून विकला.

दांडे अजून माळ्यावर होते. वाकसाचा दांडा लगेच ओळखू आला, मुठीच्या जागी तो झिजून बारीक झाला आहे. लोहाराकडून नवं पातं घडवून त्यात बसवलं. निसण्यावर धार लावायला अजून मला दादांच्या दुप्पट वेळ लागतो.

वर्कशॉपच्या मागे सावलीत एक वाकडा बाभळीचा बुंधा आहे. निम्मा तासून झाला आहे. मृगाच्या आत भावाला पोचवायचा आहे.