खाडा

खाणावळीत न जेवलेल्या वेळेला खाडा म्हणतात. महिनाअखेर खाडे मोजायचे, तेवढे पैसे वजा करायचे, की झाला हिशेब. शिकायला म्हणून घर सोडून खोली करून राहिलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माझ्यासाठी मात्र त्याचा अर्थ एका थंडीत कायमचा बदलला.

भूकंपानंतरच्या वर्षी, १९९४च्या जूनमध्ये, मी अकरावीला लातूरला आले. लातूर पॅटर्नचा तेव्हा महाराष्ट्रभर बोलबाला होता. आमच्या गावात दहावीला पहिली आलेली मुलगी म्हणजे डॉक्टरीण होणार, हे गावानेच ठरवून टाकलं होतं. वडिलांनी पत्र्याची ट्रंक आणि गादीची वळकटी एस.टी.च्या टपावर चढवली. वरच्या मजल्यावर दोघींत एक खोली मिळाली. खाली काकूंची खाणावळ. सगळी पोरं त्यांना काकूच म्हणायची. निळ्या पुठ्ठ्याची त्यांची एक दोनशे पानी वही होती. अक्षरओळख बेताचीच, त्यामुळे नावं मुलाकडून लिहून घेतलेली. पण पुढच्या खुणा काकूंच्या हातच्या. जेवलं की उभी रेघ, नाही जेवलं की फुली. रात्री भांडी पालथी घातली की चुलीजवळच्या पिवळ्या दिव्याखाली त्या वही उघडून बसायच्या आणि रेघांवरून बोट फिरवायच्या. मला वाटायचं, पैशांचा हिशेब चालला आहे.

दिवाळीची सुटी संपवून मी परत आले आणि काहीतरी बिघडलं. काय, ते आजही एका वाक्यात सांगता येत नाही. रसायनशास्त्राच्या चाचणीत पन्नासपैकी अकरा मार्क पडले होते, पण ते निमित्त. त्याच्या खाली कितीतरी थर होते. झोप उडाली होती. वर्गात बोललेलं कानावर पडायचं, आत जायचं नाही. घरी पत्र लिहायला बसलं की ‘मी इकडे मजेत आहे’ याच्यापुढे पेन सरकायचं नाही. सकाळ होऊच नये असं वाटायचं. खोलीतली मैत्रीण बहिणीच्या लग्नाला गावी गेली, तेव्हा मी दार लावून घेतलं आणि खाली जाणं बंद केलं. कुणाच्या लक्षातही येणार नाही, अशी माझी खात्री होती. ही खात्रीच त्या दिवसांतला सगळ्यात मोठा आजार होता, हे फार उशिरा कळलं.

तिसऱ्या खाड्याच्या संध्याकाळी जिन्यावर काकूंची पावलं वाजली. गुडघे दुखायचे त्यांचे, म्हणून एक पायरी, थांबा, पुन्हा एक पायरी. दार उघडलं तर पदरात तुरीच्या शेंगा. आत येऊन त्यांनी त्या माझ्या वह्यांशेजारी जमिनीवर ओतल्या आणि फतकल मारून सोलायला बसल्या.

“जेवायला का येईनालीस? तीन खाडे झाले तुझे. पैसे कापीन मी, त्याचं काही नाही. पण झालंय काय?”

“काही नाही.”

आपल्या भाषेत ‘काही नाही’सारखं घट्ट लागणारं दुसरं दार नाही. सोळा-सतरा वर्षांचं पोर ते तोंडावर लावून घेतं आणि विचारणारा माणूस सुटकेचा श्वास टाकून परत फिरतो. विचारलं होतं, काही नाही म्हणाली. काकू परत फिरल्या नाहीत. अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “सोल.”

आम्ही सोलत राहिलो. हिरव्या शेंगेचा तो कच्चा वास आजही नाकात आहे. नखाने शीर ओढायची, दाणे वाटीत, टरफल बाजूला. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग, “भात वाढू का गं” म्हणताना लागायचा तसल्याच आवाजात, शेंगेवरची नजर न काढता, काकूंनी विचारलं, “पोरी, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं येतंय का मनात?”

मी हो म्हणाले. कित्येक आठवड्यांत माझ्या तोंडून निघालेला तो पहिला खरा शब्द होता.

‘असं अभद्र बोलू नये’ असं काकू म्हणाल्या नाहीत. ‘आईबापाचा तरी विचार कर’ असंही नाही. तो विचार तर मी रात्रंदिवस करत होते, त्याच ओझ्याखाली दबले होते. त्या एवढंच म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस.” त्या रात्री माझी गादी त्यांच्या अंथरुणाशेजारी पडली. सकाळी मला सोबत घेऊन त्या एस.टी.डी. बूथवर गेल्या आणि गावात निरोप धाडला. दुपारच्या गाडीने वडील आले. मग वडील, काकू आणि मी, तिघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. औषध काही महिने चाललं. बरं होणं झपकन झालं नाही. एखाद्या दिवशी भाजीला चव लागायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. पण वहीत रेघा पडत गेल्या.

असं थेट विचारलं तर नको तो विचार आपणच पोराच्या डोक्यात घालू, ही भीती आपल्या घराघरांत आहे. ती खोटी आहे. विचारल्याने तो विचार पेरला जातो असं संशोधनात कुठे आढळलेलं नाही. उलट मनात कोंडलेलं बोलायला वाट मिळते. काकूंनी कुठलं संशोधन वाचलेलं नव्हतं. आपल्याकडे ‘जिवाचं बरंवाईट’ हा शब्दप्रयोग आहे, तो इतका मऊ आणि इतका स्पष्ट आहे की विचारणाऱ्याची जीभ अडखळत नाही आणि उत्तर देणाऱ्याला आरोपी झाल्यासारखं वाटत नाही. तो त्यांनी नेमका वापरला.

पुढे मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक झाले. तिथे मी केलेली एक गोष्ट मला अजून सलते. ‘क्षुल्लक कारणावरून विद्यार्थिनीने जीवन संपवलं’ अशा चालीचे मथळे मी स्वतः लावले आहेत. कधी आई रागावली म्हणून, कधी मोबाईल दिला नाही म्हणून. मथळ्याला एकच कारण लागतं, तेही दोन ओळींत बसणारं. अकरा मार्क हे माझं कारण नव्हतं हे मला ठाऊक असूनही मी दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीच्या माथी एक कारण मारत होते. आणि ज्या आईने आदल्या दिवशी चार शब्द सुनावले होते, तिच्या पदरात जन्माची शिक्षा टाकत होते. बातमीत पद्धतीचं वर्णन नको, एका कारणावर बोट नको, मदत कुठे मिळेल ते सांगा, अशी मार्गदर्शक तत्त्वं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारली. तोवर माझ्या हातून किती मथळे गेले, ते मी मोजलेले नाहीत.

मोजणारे मोजतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात आत्महत्येने गेलेल्या विद्यार्थ्यांचा आकडा १३,०४४ आहे. त्यांतले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. ही नोंद गुन्ह्यांच्या खात्यात होते, याचंही मला वाईट वाटतं. आपल्या शब्दातही ‘हत्या’ आहेच. कायदा मात्र बदलला. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की असा प्रयत्न करणारं माणूस तीव्र तणावाखाली आहे असंच धरून चाला, त्याला शिक्षा करू नका, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. शेजारपाजारच्या जिभेपर्यंत हा बदल पोचायला वेळ लागतो आहे. अजूनही ‘नाटकं करते’ हे वाक्य सहज ऐकू येतं. माझं म्हणणं असं की नाटक वाटलं तरी बघायला बसावं. त्या वयात आधार मागायची दुसरी भाषा हाताशी नसते.

चॅड वारा नावाच्या इंग्रज धर्मगुरूची हकीकत मला नेहमी आठवते. १९३५ मध्ये, नव्यानेच काम सुरू केलं असताना, त्याच्यावर एका चौदा वर्षांच्या मुलीच्या अंत्यविधीची वेळ आली. तिला पाळी आली होती. तो घाणेरडा रोग आहे अशी तिची समजूत झाली, आणि विचारायला तिला कुणी नव्हतं. वारा ते विसरला नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये त्याने एक टेलिफोन मांडला. जिवावर उदार झालेल्यांनी फोन करावा किंवा सरळ यावं. लोक येऊ लागले, रांगा लागल्या. थांबलेल्यांना चहा-कॉफी द्यायला स्वयंसेवक होते. थोड्या दिवसांत वाराच्या लक्षात आलं की चहा देणाऱ्यांशी बोलून झालं की पुष्कळांना आत येण्याची गरजच उरत नाही. काही महिन्यांतच त्याने ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. ही समॅरिटन्सची सुरुवात. मुंबईतही त्या नावाने काम चालतं.

तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने एक साधी गोष्ट करून पाहिली. मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षांत मिळून चोवीस छोटी पत्रं गेली. तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा, एवढाच मजकूर. सल्ला नाही, औषधाची चौकशी नाही, उत्तराची अटही नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण कमी राहिलं, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे कमी. २००१ मध्ये हे छापून आलेलं मी वाचलं, तेव्हा मला निळ्या पुठ्ठ्याची वही दिसली. ती पत्रं आणि ती वही एकच. तुझी जागा आम्ही धरून ठेवली आहे, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

आता पोरांचे खाडे वेगळे पडतात. आवडीचं क्रिकेट किट एखादा मुलगा मित्राला देऊन टाकतो. ‘मी नसले तरी काय फरक पडणार आहे’ असं एखादी हसत हसत म्हणून जाते. ग्रुपवर दिवसभर टिवटिव करणारी चार-चार दिवस गप्प होते. खूप दिवस घुसमटलेलं पोर अचानक अगदी शांत होतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. त्या शांततेचीही चौकशी करावी. आणि घरात एकट्याने पेलवत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीबेरात्रीही समोरून कुणीतरी बोलतं, मराठीतसुद्धा. आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी मी तो मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे. पावसाने भिजला की नवा लावते.

काकू जाऊन सात-आठ वर्षं झाली. दिवसांना गेले होते. त्यांच्या मुलाने माळ्यावरून वह्यांचा गठ्ठा काढून दिला. माझं वर्ष मी शोधून काढलं. डिसेंबरच्या पानावर माझ्या नावासमोर तीन फुल्या. चौथ्या घरात रेघ होती, पण साधी उभी नव्हे. पेन तीन-चारदा फिरवून ती जाड केली होती, इतकी की कागद मागच्या बाजूने उठला होता.

आमच्या खालच्या मजल्यावर बारावीतला एक मुलगा राहतो. रोज सहाच्या सुमारास तो सायकल काढतो, तिच्या चेनचा आवाज येतो. परवा आला नाही, काल आला नाही. आज मी शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली आणि त्यांची बेल वाजवली. आईबाबा कामावर गेलेले. दार त्यानेच उघडलं; केस विस्कटलेले, डोळे जड.

“काय रे, बरा आहेस ना? दोन दिवस दिसला नाहीस.”

“काही नाही काकू.”

“बरं,” मी म्हटलं. “जरा पाणी देतोस?” आणि आत जाऊन बसले.